आधी काडतूस ठरवा, मग पिस्तूल

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिलंच पिस्तूल घ्यायचं आहे, मुख्यतः रेंजवर सरावासाठी आणि वेळ आलीच तर घरात स्वसंरक्षणासाठी. यादीत ग्लॉक, सिग, सीझेड, बेरेटा, स्मिथ अँड वेसन आणि टॉरस आहेत. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, ९ एमएम, .४० की .४५ (इंचात) घ्यायचं यावर मित्रांची तीन मतं आहेत. यातलं न अडकणारं कोणतं आणि पैसे वसूल कशात होतात?

मी पिस्तुलं उघडतो, दुरुस्त करतो आणि नवख्यांना चालवायला शिकवतो. माझ्या टेबलावर दोन प्रकारची पिस्तुलं येतात: बिघडलेली, आणि बिघडली आहेत असं मालकाला वाटणारी. दुसऱ्या प्रकारची जास्त. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या उत्तरात ब्रँडला तुम्हाला अपेक्षित आहे तेवढं महत्त्व मिळणार नाही.

तुमच्या यादीत ब्रँड आधी आणि कॅलिबर नंतर आहे. मी हा क्रम उलटा करीन. काडतूस ठरलं की हाताला बसणारा धक्का ठरतो, सरावाचा खर्च ठरतो, मॅगझिनमध्ये किती मावतील ते ठरतं, आणि पिस्तूल किती लवकर झिजेल तेही बऱ्याच अंशी ठरतं. एवढं झाल्यावर ब्रँड निवडणं सोपं जातं. नामांकित कंपन्यांच्या मधल्या किमतीच्या ९ एमएम पिस्तुलांत आज जो फरक उरलाय, तो नवख्या हाताला फारसा कळतही नाही.

९×१९, म्हणजे ९ एमएम पॅराबेलम, हे गेऑर्ग लुगर यांचं १९०२ सालचं काडतूस. त्याची १२४ ग्रेनची गोळी (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिची ऊर्जा ४९० ज्यूलच्या घरात असते. जॉन ब्राउनिंग यांच्या .४५ एसीपीची २३० ग्रेनची गोळी जवळजवळ दुप्पट जड असते, पण ती सेकंदाला २६० मीटरने जाते. तिची ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल. म्हणजे ज्या दोघांवरून इतका वाद चालतो, ती ऊर्जेच्या हिशेबात एकाच पायरीवर उभी आहेत. .४० एस अँड डब्ल्यू १८० ग्रेनच्या गोळीसह ५४० ज्यूलच्या आसपास जातं.

हाताला मात्र ऊर्जा जाणवत नाही, संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, जाणवतो. व्यावहारिक नेमबाजीच्या स्पर्धांत यासाठी ‘पॉवर फॅक्टर’ वापरतात: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रतिसेकंदात, दोघांचा गुणाकार भागिले १०००. या हिशेबात ९ एमएम १४०च्या आसपास येतं, .४० येतं १८०च्या आणि .४५ येतं १९५च्या. छोटं .३८० एसीपी ९०वर थांबतं. त्यातही .४० आणि .४५ची जात वेगळी आहे. .४५चा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .४०चा ३५,०००. त्यामुळे .४५ तळहाताला ढकलतं आणि .४० मनगटाला झटका देतं. नवखे ज्याला घाबरतात तो हा झटका. एकदा भीती बसली की चाप ओढण्याआधीच हात खाली दाबला जातो, आणि ती सवय मोडायला महिने लागतात.

.४०चा जन्म कसा झाला ते सांगायला हवं, कारण कॅलिबरच्या अर्ध्या वादाचं मूळ तिथे आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे (अमेरिकेच्या केंद्रीय तपास ब्युरोचे) एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात गोळीबार झाला. त्यात दोन एजंट मारले गेले. ९ एमएमची एक गोळी हल्लेखोराच्या हातातून छातीत शिरून हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि ब्युरोने त्या काडतुसाकडे बोट दाखवलं. पुढे ब्युरोने १० एमएम ऑटो घेतलं. ते बऱ्याच एजंटना झेपेना, म्हणून त्याचा भार, म्हणजे दारूचं प्रमाण, कमी केला. कमी केलेल्या भाराला एवढी लांब पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, लागतच नव्हती. स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी पुंगळी आखूड करून जानेवारी १९९०मध्ये .४० बाजारात आणलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकी पोलिसांत त्याचंच राज्य होतं.

त्या घटनेतून खरं टिकाऊ असं निघालं ते चाचणीचं तंत्र. ठराविक घनतेच्या जिलेटिनमध्ये, त्यावर कापडाचे थर किंवा इतर अडथळे ठेवून गोळी झाडायची आणि ती १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४६ सेंटीमीटर, आत जाते का ते पाहायचं. या एकाच कसोटीवर सगळ्या कंपन्यांनी आपल्या पोकळ टोकाच्या (आत शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या तीस वर्षं सुधारल्या, आणि त्यात सर्वांत जास्त फायदा ९ एमएमला झाला. २०१४मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागानेच मांडलं की चांगल्या आधुनिक गोळ्या वापरल्या तर ९ एमएम, .४० आणि .४५ यांच्या परिणामात व्यवहारात फरक दिसत नाही, मात्र ९ एमएमने बहुतेक लोक जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारतात. २०१६मध्ये ब्युरोने ग्लॉककडून ९ एमएम पिस्तुलांचं कंत्राट केलं. तीन दशकांनी गाडी मूळ स्टेशनावर आली. .४०चं पिस्तूल कुणी वापरत असेल तर ते विकून टाका असं मी म्हणणार नाही, पण पहिलं पिस्तूल .४०मध्ये घेण्याचं एकही कारण आता मला दिसत नाही. शिवाय बरीचशी .४० पिस्तुलं ९ एमएमच्याच सांगाड्यावर बांधलेली असतात. स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, जास्त वेगाने मागे आपटते आणि स्प्रिंगा, लॉकिंगचे भाग लवकर थकतात.

आता खर्च. ९ एमएमचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, .४५चं २१ ग्रॅमचं. शिसं, तांबं, पितळ सगळंच जास्त, आणि पिस्तुलाच्या मध्यप्रहारी काडतुसांत (ज्यांची ठिणगी बुडाच्या मधोमध असते) जगात सर्वाधिक बनतं ते ९ एमएम. त्यामुळे त्यांत बहुतेक ठिकाणी तेच सर्वांत स्वस्त पडतं. पिस्तुलाच्या किमतीएवढे पैसे काही हजार गोळ्यांतच संपतात, आणि नियमित सराव करणारा माणूस एवढ्या गोळ्या दोन-तीन वर्षांत सहज झाडतो. अमुक ब्रँड तमुकपेक्षा पंधरा टक्के महाग आहे म्हणून जो रात्रभर जागतो, त्याने कॅलिबरवरून होणारा फरक एकदा कागदावर मांडून बघावा.

एक अपवाद आहे. काही देशांत सैन्याचं काडतूस म्हणून ९ एमएम पॅराबेलम सामान्य परवानाधारकाला बंद असतं किंवा होतं. ९×२१ रुजलं ते इटलीसारख्या ठिकाणच्या अशाच बंदीमुळे. तुमच्या परवान्यात काय बसतं ते आधी पाहा. ९ एमएम बसत नसेल तर .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर किंवा .३८० एसीपीचं पिस्तूल असे पर्याय उरतात.

.३८० एसीपी ब्राउनिंग यांनी १९०८मध्ये कोल्टसाठी आणलं. ऊर्जा ९ एमएमच्या जेमतेम निम्मी, तरी छोट्या .३८० पिस्तुलांचा धक्का अनेकदा मोठ्या ९ एमएमपेक्षा बोचरा असतो. बरीचशी जुनी .३८० पिस्तुलं साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे स्लाइडला रोखून धरतं ते फक्त तिचं वजन आणि कडक स्प्रिंग. .३२ एसीपीची एक खोड सांगून पुढे जातो. त्याच्या पुंगळीची कड किंचित बाहेर आलेली असते, आणि मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांत हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये पुढे-मागे सरकायला जागा राहते.

.२२ एलआरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. पैशाच्या हिशेबात त्याच्या जवळपासही कुणी नाही. शिकायला त्याहून चांगलं काही नाही, कारण धक्का नसल्याने चूक तुमची की पिस्तुलाची हे लगेच दिसतं. पण .२२ अडकतं, आणि त्यात ब्रँडचा दोष क्वचितच असतो. ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या कडेत फिरवून बसवलेलं असतं. ते कडेला सगळीकडे सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली तर काडतूस पेटत नाही. तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा भरलं की बऱ्याचदा पेटतं. मात्र काडतूस पेटलं नाही तर आधी नळी किमान अर्धा मिनिट सुरक्षित दिशेला धरून ठेवायची आणि मगच उघडायचं. गोळीवरचं मेण आणि शिसं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, साचतं तेही एक कारण आहे. म्हणून .२२ सरावासाठी जरूर घ्या, पण त्यावरून एखाद्या कंपनीच्या विश्वासार्हतेचा निकाल लावू नका.

आता मूळ शब्दाकडे, विश्वासार्हता. ‘माझं पिस्तूल पाचशे गोळ्यांत एकदाही अडकलं नाही’ हे वाक्य मी सतत ऐकतो. त्यातून काय सिद्ध होतं? संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: एकही बिघाड न होता जितक्या फैरी झाडल्या, त्या संख्येने तीनला भागा. ९५ टक्के खात्रीने बिघाडाचं प्रमाण त्याहून कमी आहे एवढंच म्हणता येतं. २०० फैरी निर्धोक गेल्या तर प्रमाण दीड टक्क्याच्या आत असेल. ५०० गेल्या तर ०.६ टक्क्याच्या आत, १,००० गेल्या तर ०.३च्या. हजारात एकदा अडकणारं आणि दोन हजारांत एकदा अडकणारं पिस्तूल यांतला फरक कळायला अनेक पिस्तुलांवर मिळून हजारो फैरी झाडाव्या लागतात. एकट्या माणसाच्या हातून ते होत नाही. तुमची स्वतःची चाचणी एकच काम नीट करते: कारखान्यातून सदोष निघालेला नग पकडते. मॉडेलचा स्वभाव कळायचा तर ज्यांच्याकडे हजारो नग वर्षानुवर्षं चालतात अशा सैन्यांचा आणि पोलिस दलांचा अनुभवच पाहावा लागतो. ब्रँडचा खरा अर्थ एवढाच.

आणि त्या अनुभवातही बारकावे असतात. अमेरिकी सैन्याने २०१७मध्ये सिगचं पी३२० निवडून एम१७ आणि एम१८ म्हणून घेतलं. चाचणीत दोन अडकण्यांमधल्या फैरींचं अपेक्षित प्रमाण साध्या गोळ्यांवर गाठता आलं नाही. कारण शोधल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त घटना एकाच प्रकारच्या होत्या: शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडून राहत नव्हती. बरेच नेमबाज पिस्तूल उंच धरत होते आणि त्यांचा हात स्लाइडच्या खटक्यावर टेकत होता. अहवालात बिघाड पिस्तुलाच्या नावावर लागतो, पण घडवणारा तो हात होता. माझ्या टेबलावरची ‘बिघडली आहेत असं वाटणारी’ पिस्तुलं याच जातीची असतात.

मॅगझिनचा दोष याहून जास्त. बेरेटा एम९ (अमेरिकी सैन्याचं बेरेटा ९२) वाळूत अडकतं अशी इराकमधून ओरड झाली. तपासात बराचसा दोष मॅगझिनचा निघाला. ती दुसऱ्या पुरवठादाराची होती, सैन्यानेच सांगितलेल्या खरखरीत फॉस्फेट लेपाची, आणि बारीक धूळ त्या लेपाला चिकटून काडतुसं वर सरकू देत नव्हती. गुळगुळीत लेपाची मॅगझिनं आल्यावर तक्रार ओसरली. पिस्तूल तेच, नळी तीच. म्हणून माझा नियम आहे की पिस्तुलावर पैसे वाचवायचे तर वाचवा, मॅगझिन मात्र मूळ कंपनीचंच घ्या. ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेलं, पडून चेपलेलं मॅगझिन सरावालाही ठेवू नका.

गोळ्यांचंही तसंच. कमजोर भाराच्या गोळीने स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी दारातच उभी अडकते. मनगट सैल ठेवलं तरी नेमकं हेच होतं, त्यामुळे दोषी कोण ते ओळखायला तेच पिस्तूल घट्ट हाताच्या माणसाला देऊन पाहायचं. घरी किंवा कुणाकडे पुन्हा भरलेल्या गोळ्या नवीन पिस्तुलात घालू नका. एखादी फैर दबक्या आवाजाची वाटली, धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर पुढचा चाप ओढू नका. पिस्तूल रिकामं करून नळी तपासा. गोळी नळीत अडकलेली असेल आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फुटते.

आता ब्रँड. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घेतलं, ग्लॉक १९ आलं १९८८मध्ये. सुमारे ६०० ग्रॅम रिकामं वजन, १०२ मिलिमीटरची नळी, १५ गोळ्यांचं मॅगझिन. भाग कमी आहेत आणि पिढ्यान् पिढ्या बरेचसे एकमेकांत चालतात. सुटा भाग, होल्स्टर, मॅगझिन सगळं कुठेही मिळतं, आणि भाग बदलायला खास कारागीर लागत नाही. माझ्या दृष्टीने ग्लॉकची किंमत वसूल होते ती इथे, कारण अचूकतेत किंवा चापाच्या गुळगुळीतपणात ते वर्गात पहिलं नाही. मुठीचा कोन काहींना जमत नाही. निर्दोष तेही नव्हतं. चौथ्या पिढीच्या सुरुवातीच्या नगांची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) कंपनीने २०११मध्ये बदलून दिली होती.

एक गोष्ट नवख्याने लक्षात घ्यावी. ग्लॉक उघडायच्या आधी चाप ओढावाच लागतो. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याशिवाय ओढला तर काय होतं ते सांगायला नको. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत चाप न ओढता उघडता येतं. २०१७ची २.० आवृत्ती चापाच्या बाबतीत जुन्यापेक्षा पुष्कळ सुधारली आहे, आणि तिची मूठ मला ग्लॉकपेक्षा हाताला जवळची वाटते. कमी बोललं जातं, पण या यादीतलं हे सर्वांत समंजस पिस्तूल आहे.

सीझेड ७५ हे कौकी बंधूंचं १९७५चं डिझाइन. स्लाइड सांगाड्याच्या आतल्या खाचांत धावते, त्यामुळे नळी हाताच्या जवळ बसते. वर किलोभर पोलादाचं वजन. ९ एमएमचा धक्का त्यात जवळजवळ विरून जातो. रेंजवर दिवस घालवायचा असेल तर हे पिस्तूल मी आधी हातात देतो. दोष म्हणजे स्लाइड धरायला बाहेर थोडीच राहते, ओले किंवा अशक्त हात घसरतात. आणि फार गोळ्या झाल्यावर स्लाइड स्टॉपची पिन आणि चापाची परतीची स्प्रिंग यांवर लक्ष ठेवावं लागतं. दोन्ही छोटे भाग आहेत, आधीच घेऊन ठेवावेत. हलकं हवं असेल तर त्यांचंच पी-१० सी आहे. ते ग्लॉक १९च्या मापाचं असून चाप त्याहून स्वच्छ सुटतो.

बेरेटा ९२ मोठं आहे, हे आधी मान्य करू. छोट्या हाताच्या माणसाचं बोट पहिल्या फैरीच्या लांब चापापर्यंत नीट पोहोचत नाही. पण स्लाइड वरून उघडी असल्याने पुंगळी अडकायला जागाच कमी, आणि गोळी जवळजवळ सरळ रेषेत चेंबरमध्ये जाते. १९८०च्या दशकाच्या शेवटी काही स्लाइड तुटून मागे उडाल्या, तेव्हा ९२एफएसमध्ये तुटलेली स्लाइड मागे येऊ नये म्हणून हॅमरच्या पिनचं डोकं मोठं केलं. त्याचा लॉकिंग ब्लॉक हा झिजणारा भाग आहे. जुनं बेरेटा घेणाऱ्याने तो आधी बघावा.

सिगबद्दल जपून लिहितो. पी२२६ हे मी पाहिलेल्या सर्वांत टिकाऊ पिस्तुलांपैकी आहे. पी३६५ने २०१८मध्ये एवढ्याशा देहात १० गोळ्या बसवून अख्खा बाजार बदलला. पी३२०ची गोष्ट वेगळी आहे. विशिष्ट कोनात पडल्यावर त्यातून गोळी सुटते असं दिसल्यावर कंपनीने ऑगस्ट २०१७मध्ये ऐच्छिक सुधारणा देऊ केली. त्यानंतरही चापाला हात न लावता सुटल्याचे दावे होत राहिले, खटले झाले आणि २०२४मध्ये अमेरिकेत दोन ज्युरींनी कंपनीविरुद्ध निकाल दिले. कंपनी दोष नाकारते. खरं काय ते ठरेपर्यंत पहिलं पिस्तूल म्हणून मी पी३२० सुचवत नाही. बाजारात तेवढ्याच किमतीला अशा वादाबाहेरची चार पिस्तुलं असताना तो धोका का पत्करायचा?

स्वस्तातलं म्हणाल तर टॉरस आणि कॅनिक. टॉरसच्या काही जुन्या मॉडेलांवर, त्यात पीटी-१११ आणि २४/७ आली, अमेरिकेत दावा झाला आणि २०१५मध्ये सुमारे दहा लाख पिस्तुलांबाबत तडजोड झाली. कंपनीने दोष कबूल केला नाही. नंतरची जी३ मालिका त्यापेक्षा बरीच पुढे आहे, पण वापरलेलं टॉरस घेताना मॉडेल नीट विचारा. तुर्कस्तानच्या कॅनिकचा चाप त्या किमतीत मिळायला नको इतका चांगला असतो. तिथे माझी अडचण एवढीच की सुटे भाग सगळीकडे सहज मिळत नाहीत. रेंजसाठी निःशंक घ्या.

१९११ पद्धतीच्या पिस्तुलाचं, म्हणजे ब्राउनिंग यांच्या जुन्या .४५च्या डिझाइनचं, आकर्षण मला कळतं. चाप सरळ मागे सरकतो, आणि तसा चाप दुसऱ्या कशात नाही. पण ते २३० ग्रेनच्या गोल नाकाच्या गोळीसाठी आखलेलं आहे. पोकळ टोकाच्या गोळ्या, कमी दर्जाची मॅगझिनं किंवा ताण चुकलेला एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) यांपैकी काहीही त्याला थांबवतं. त्याचा एक्स्ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंग असतो, त्याला हाताने वाक द्यावा लागतो. ‘पाचशे गोळ्या झाडल्यावर मोकळं होतं’ असं विक्रेता म्हणाला तर त्या पाचशे गोळ्यांचे पैसे किमतीत मिळवून बघा. पहिलं पिस्तूल म्हणून नको.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ हे अर्धंच खरं आहे. न पेटलेलं काडतूस असेल तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं, हे मोठंच सुख. पण बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण गेले, प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) किंचित वर राहिला, किंवा हलक्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकली, तर काडतुसांचं चक्र जागच्या जागी अडकून बसतं. तेव्हा नुसत्या हातांनी ते बहुधा सुटत नाही. स्वसंरक्षणासाठी दराजमध्ये ठेवून क्वचितच झाडणाऱ्या माणसाला मी अजूनही मध्यम वजनाचं, चार इंची नळीचं .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर सुचवतो आणि त्यात .३८ स्पेशल भरायला सांगतो. .३५७ची पुंगळी .३८पेक्षा जेमतेम तीन मिलिमीटर लांब असते, त्यामुळे तिच्या चेंबरमध्ये .३८ चालतं, उलट चालत नाही. रुगर जीपी१०० या कामात वर्षानुवर्षं टिकतं. ४००-४५० ग्रॅमची पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं खिशासाठी बनली आहेत. नवख्याला त्यांवर शिकवणं म्हणजे त्याला या छंदातून पळवून लावणं.

अगदी छोट्या पिस्तुलांबाबतही तोच सल्ला. स्लाइडचा प्रवास आखूड, स्प्रिंग कडक, त्यामुळे मॅगझिनला पुढचं काडतूस वर आणायला वेळ कमी मिळतो. मोठं पिस्तूल ज्या सैल मनगटाला सांभाळून घेतं, छोटं घेत नाही.

मोलाचा हिशेब करताना १९८४ची स्पर्धा मला नेहमी आठवते. अमेरिकी सैन्याच्या निवडीत शेवटी सिग पी२२६ आणि बेरेटा ९२ उरले. नुसत्या पिस्तुलाचा भाव सिगचा किंचित कमी होता, पण मॅगझिन आणि सुटे भाग धरून बेरेटाचं एकूण बिल कमी आलं आणि कंत्राट बेरेटाला गेलं. तुम्हीही असाच भाव काढा: पिस्तूल, चार जादा मॅगझिनं, चांगलं होल्स्टर, एक रिकॉइल स्प्रिंग आणि पहिल्या वर्षाच्या गोळ्या. या बेरजेत स्वस्त-महाग पिस्तुलांमधलं अंतर बरंच मिटतं. दुसरं म्हणजे कंपनी आणि मॉडेल टिकेल का. रेमिंग्टनसारख्या जवळजवळ दोनशे वर्षं जुन्या नावाने २०१४मध्ये आर५१ आणलं, त्याच वर्षी ते थांबवावं लागलं, दुरुस्त करून पुन्हा आणलं, आणि आता कंपनीच पूर्वीच्या रूपात उरलेली नाही. बाजारात आल्यावर निदान दोन वर्षं झाल्याशिवाय कुठलंही नवीन मॉडेल घेऊ नका, नाव कितीही मोठं असो.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही. पोलिसांकडून सुटलेली पिस्तुलं बहुधा होल्स्टरमध्ये घासून बाहेरून रया गेलेली आणि आतून कमी झाडलेली असतात. नळीत उजेड टाकून पाहा. आत कुठे गडद वर्तुळ दिसलं तर तिथे नळी फुगलेली असू शकते. एक्स्ट्रॅक्टरची नखी, स्लाइडच्या खाचा आणि मॅगझिनचे ओठ तपासा. अंधारात चमकणारे साइट (नेम धरायच्या खुणा) असतील तर त्यातल्या ट्रिटियमचं अर्धं तेज बारा वर्षांत जातं, त्यांचे पैसे देऊ नका. रिकॉइल स्प्रिंग बदलायचीच असं धरून चाला.

तर तुमच्यासाठी: ९ एमएम, मधल्या मापाचं, ग्लॉक १९, एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट किंवा सीझेड पी-१० सी. तिन्ही हातात धरा, रिकामी असल्याची खात्री करून चापावर बोट ठेवा. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग मूठ न फिरवता चापावर बसला पाहिजे. ज्यात बसतो ते घ्या. स्वसंरक्षण खरोखर दुय्यम असेल आणि वजनाची चिंता नसेल तर सीझेड ७५. घरी आणल्यावर तेल लावून दोन-तीनशे साध्या गोळ्या झाडा, मग घरात ठेवणार त्याच प्रकारच्या पोकळ टोकाच्या निदान पन्नास. मॅगझिनांवर रंगाने क्रमांक घाला आणि अडकलं की कोणत्या क्रमांकात, कितव्या गोळीला, पुंगळी कुठे होती ते लिहून ठेवा. एकाच क्रमांकात पुन्हा पुन्हा अडकत असेल तर ते मॅगझिन बाद करा. सगळ्या क्रमांकांत, वेगवेगळ्या गोळ्यांत आणि दुसऱ्याच्या हातातही अडकत असेल, तरच ते पिस्तूल वॉरंटीत परत पाठवा.